‘ग्रस्त’ आणि ‘गृह’ : बालसंगोपनाच्या शासकीय परिभाषेची चिकित्सा

१

कायद्याने शब्दांनाच मनाई करावी, असे क्वचित घडते. मुलांविषयीच्या भारतीय कायद्यात मात्र ते घडले आहे. बाल न्याय अधिनियमाखाली केंद्र शासनाने २००७ मध्ये जे आदर्श नियम केले, त्यांत कलंक न लावणाऱ्या शब्दयोजनेचे तत्त्व स्वतंत्रपणे सांगितलेले होते. अटक, रिमांड, आरोपी, आरोपपत्र, खटला, वॉरंट, समन्स, दोषसिद्धी, कोठडी, तुरुंग या अर्थाचे इंग्रजी शब्द मुलांसंबंधीच्या कामकाजात वापरू नयेत, असे त्यांत नावनिशीवार बजावले होते. पुढे २०१५ च्या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात हे तत्त्व मूळ कायद्याचाच भाग झाले.

२००७ च्या यादीत आणखी दोन शब्द होते. ‘अपचारी’ आणि ‘उपेक्षित’ या अर्थाचे हे इंग्रजी शब्द म्हणजे १९८६ च्या बाल न्याय अधिनियमाचे दोन आधारस्तंभ होत. त्या अधिनियमाने मुलांचे जे दोन वर्ग पाडले, त्यांची ती नावे होती. जे शब्द १९८६ मध्ये विधिमान्य होते, तेच एकवीस वर्षांनी निषिद्ध ठरले. दरम्यान २००० च्या अधिनियमाने ‘कायद्याशी संघर्षात आलेला’ आणि ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेला’ अशी दोन नवी नावे योजिली होती. ती आजही चालू आहेत.

या शब्दांतराकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. शब्द बदलला की दृष्टी बदलते, असे एक पक्ष मानतो. शब्द कितीही बदलले तरी वस्तुस्थिती तीच राहते, असे दुसरा म्हणतो. वस्तुतः दोन्ही पक्ष केवळ नामांचा विचार करतात. नामाच्या भोवती जे वाक्य असते, त्यातला कर्ता कोण आणि क्रियापद कोणते, हा प्रश्न दोघांच्याही नजरेतून निसटतो. ज्या मुलांच्या वागण्यात किंवा मनःस्थितीत काही बिघाड उत्पन्न झाला आहे, त्यांच्या संस्थेतील व संस्थेबाहेरील संगोपनाची मराठी परिभाषा या दृष्टीने तपासली, तर एक गोष्ट ध्यानात येते : मुलाला काय म्हणावे, हे या परिभाषेने पुन्हा पुन्हा ठरविले, मुलाचे कोणी काय करावे, हे सांगणारी क्रियापदे मात्र तिने घडविली नाहीत.

२

‘कायद्याशी संघर्षात आलेला’ या कल्पनेसाठी मराठीत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा समास रूढ झाला. पोलिसांच्या पत्रकांत व वृत्तपत्रांत तो नित्य आढळतो. तयार करणाऱ्यांचा हेतू निःसंशय सहृदय होता. ‘बालगुन्हेगार’ या शब्दात मुलगा कर्ता आहे व गुन्हा त्याची कृती आहे. नव्या शब्दाने त्याला कर्तेपणातून सोडविले. परंतु हे करताना जे उत्तरपद निवडले गेले, ते तपासून पाहण्याजोगे आहे.

‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. ‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला. मराठीत हे पद रोगग्रस्त, चिंताग्रस्त यांसारख्या शब्दांत पूर्वापार आहे. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला शासकीय व्यवहारात विशेष प्रतिष्ठा मिळाली, ती पूरग्रस्त, धरणग्रस्त, भूकंपग्रस्त, प्रकल्पग्रस्त या मालिकेमुळे. या मालिकेतील प्रत्येक शब्दाला ‘पुनर्वसन’ हा जोडीदार आहे, आणि मुलांच्या बाबतीतही तोच शब्द जसाच्या तसा उचललेला दिसतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटल्यानंतर पुण्यात ज्यांना नवी जागा मिळाली, त्यांच्या वसाहती ‘पूरग्रस्त’ या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. पूर एका दिवसाचा होता. पत्त्यातील शब्द मात्र पुढच्या पिढ्यांनाही पुरला. शासकीय ‘ग्रस्त’ हे पद असे दीर्घायुषी असते.

पंचांगातील ‘ग्रस्त’ याहून उदार आहे. तेथे ग्रहणाचा स्पर्श, मध्य आणि मोक्ष या तिन्हींच्या वेळा दिलेल्या असतात. आश्चर्याची गोष्ट अशी, की २०१५ च्या अधिनियमातही मोक्षाची तरतूद आहे. त्याच्या २४ व्या कलमानुसार अधिनियमाखाली ज्याचे प्रकरण चालले, त्या मुलाला त्यामुळे कोणतीही अपात्रता चिकटत नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर संबंधित कागदपत्रे नष्ट करावयाची असतात. सोळा वर्षे पूर्ण केलेल्या व प्रौढांप्रमाणे खटला चाललेल्या मुलांचा अपवाद तेवढा आहे. म्हणजे कायदा ज्याला मुक्त करू इच्छितो, त्यालाच परिभाषा ‘ग्रस्त’ ठेवते. कागद जाळता येतो. शेजाऱ्यांच्या तोंडचा समास जाळता येत नाही.

३

दुसरे पद ‘गृह’. निरीक्षणगृह, बालगृह, विशेषगृह, अनुरक्षणगृह ही सारी नावे या एका पदावर उभी आहेत. ‘गृह’ आणि ‘घर’ हे मूळचे एकच शब्द आहेत. ‘घर’ प्राकृतातून घासून मराठीत आले, आणि ‘गृह’ संस्कृतातून पुन्हा जसेच्या तसे घेतले गेले. अशा जोडशब्दांत अर्थाची वाटणी होते, तशी येथेही झाली. मनुष्य राहतो ते घर. ज्यात कोणाला तरी ठेवले जाते ते गृह. कारागृह, शीतगृह, निरीक्षणगृह या शब्दांची घडण एकच आहे. ‘वसतिगृहा’सारखा सौम्य अपवाद सापडतो, पण तेथील विद्यार्थीही सुट्टी लागली की ‘घरी’ जातो. ‘गृही’ कोणी जात नाही.

संस्थेच्या दप्तरात तिच्यात राहणाऱ्या मुलाला ‘प्रवेशित’ म्हणतात. हे भूतकालवाचक धातुसाधित आहे : ज्याला आत घालण्यात आले तो. घालणारा कोण, किती काळासाठी, आणि बाहेर कोण नेणार, यांपैकी काहीच या शब्दात नाही. २०१५ च्या अधिनियमाचे तिसरे कलम संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय समजावा असे सांगते. ‘प्रवेशित’ या शब्दाला मात्र ‘अखेरचा’ आणि ‘पहिला’ यांतला भेद ठाऊक नाही.

लोकभाषेने तर या नावांकडे सरळ पाठ फिरविली. मुंबई इलाख्यात १९२४ चा व नंतर १९४८ चा मुलांचा कायदा अमलात असताना ‘रिमांड होम’ हा शब्द रुजला. १९८६ पासून कायद्यात निरीक्षणगृह आहे, आणि २००७ च्या नियमांनी ‘रिमांड’ हा शब्दच वर्ज्य केला. तरीही मुलाला धाक घालताना महाराष्ट्रातील आईबाप ‘रिमांड होम’च म्हणतात. मनाच्या आजाराबाबतही तोच प्रकार आहे. ‘येरवड्याला पाठवा’, ‘ठाण्याला न्या’ अशा बोलण्यात गावाचे नावच रुग्णालयाचे काम करते. १९१२ च्या कायद्यातील वेडाची भाषा १९८७ मध्ये बदलली, २०१७ मध्ये पुन्हा बदलली. गावांची नावे होती तशीच राहिली. याला लोकांचे अज्ञान म्हणून भागणार नाही. नाव बदलले तरी दार, भिंत आणि भेटीचा वार तेच आहेत, हे भाषिकांनी अचूक ओळखलेले असते.

४

घरगुती मराठीत या मुलांसाठी शब्दांची वाण कधीच नव्हती. द्वाड, वांड, हूड, उनाड, हट्टी, घुमा, एककल्ली, तऱ्हेवाईक या शब्दांत वागण्याच्या कितीतरी छटा वेगळ्या केलेल्या आहेत. ‘व्रात्य’ या शब्दाचा प्रवास तर विशेष बोधक आहे. संस्कृतात संस्कारांच्या मर्यादेबाहेर पडलेला तो व्रात्य. अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडात त्याचाच गौरव आहे. आणि मराठीत तो घरात खोड्या करणारा मुलगा झाला. समाजाबाहेरच्याला वाचक असलेला शब्द येथे घरातल्याला लागू पडला. शासकीय परिभाषेचा प्रवास नेमका उलट दिशेने होतो.

याहून महत्त्वाची आहे ती वाक्यरचना. ‘त्याला वेड लागले’, ‘त्याला नाद लागला’, ‘त्याला राग आवरत नाही’, ‘त्याला झोप येत नाही’. या वाक्यांत मनुष्य चतुर्थीत असतो आणि व्याकरणदृष्ट्या कर्तेपद वेड, नाद, राग, झोप यांच्याकडे जाते. जे लागते ते सुटते, जे येते ते जाते, हे या रचनेत गृहीतच आहे. ‘मनोरुग्ण’ म्हणताच ती वाट बंद होते. ‘रुग्ण’ हे ‘रुज्’ म्हणजे मोडणे या धातूचे रूप. ज्याचे मन मोडले तो मनोरुग्ण. येथे अवस्था आणि मनुष्य एक होतात. ‘मतिमंद’च्या जागी ‘गतिमंद’ आणि त्याच्याही जागी ‘विशेष’ आणून हा दोष गेला नाही. ‘विशेष’ हाही शब्द आज शाळेच्या मैदानात चिडविण्यासाठी ऐकू येतो. नाम हे नामच राहते, मग ते कितीही सोज्ज्वळ असो.

अर्थात घरगुती भाषेचे उदात्तीकरणही करता कामा नये. ‘लागणे’ या क्रियापदाच्या पोटात ‘भूत लागणे’ही आहे, आणि त्याच्या मागोमाग येणारी साखळी व धूपही आहे. ‘वळण लावणे’ यात मायेइतकीच छडीही आहे. तरीपण एक भेद उरतो. ‘वर्तन’ आणि ‘वळण’ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी वळण्याचाच अर्थ आहे; परंतु ‘वर्तनसमस्या’ एकट्या मुलात असते, आणि वळण लावायला दुसरे माणूस लागते.

हा भेद केवळ कोशकारांच्या आस्थेचा नाही. चौदा-पंधरा वर्षांचा एखादा मुलगा घेतला, तो रात्र रात्र जागतो, वर्गात एकाएकी कोणावर तरी धावून जातो, असे मानले, तर त्याचे नाव तो कोणत्या दारातून आत गेला यावर ठरते. शाळेत तो ‘समस्याग्रस्त’, पोलिसांकडे ‘विधिसंघर्षग्रस्त’, रुग्णालयात ‘मनोरुग्ण’, बालकल्याण समितीपुढे ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेला’, आणि आजीच्या लेखी ‘बिचाऱ्याला काहीतरी झालंय’. नावाप्रमाणे गृह ठरते, गृहाप्रमाणे पुढची वर्षे ठरतात. मानसिक आजारी मुलाला गृहातून उपचाराच्या ठिकाणी हलविण्याची तरतूद २०१५ च्या अधिनियमाच्या ९३ व्या कलमात आहे; पण आजार आधी कोणीतरी ओळखावा लागतो, आणि ‘विधिसंघर्षग्रस्त’ या नावाखाली जागरण दिसत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींत मानसिक विकारांचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के आढळले. इतकी मुले कोणत्याच गृहात मावणार नाहीत. ती घरातच असणार, आणि म्हणून प्रश्न घराच्या भाषेचा आहे.

५

कायद्याने ही दिशा ओळखलेली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाचे १९ वे कलम समाजात राहण्याचा हक्क मान्य करते. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणास्तव कोणालाही मानसिक आरोग्य संस्थेत ठेवून घेता येणार नाही, असे ते सांगते. अज्ञान मुलांसाठी ८७ व्या कलमात अधिक बंधने आहेत : प्रौढांपासून वेगळी जागा, सोबत पालक किंवा परिचारक, आणि दाखल केल्यापासून ७२ तासांच्या आत मंडळाला खबर.

परंतु हा विचार मराठीत उतरला तो ‘समुदायाधारित सेवा’ या शब्दांत. मराठी माणूस वाडीत, आळीत, चाळीत, वस्तीत, पाड्यावर राहतो. त्याला शेजार असतो, भावकी असते. ‘समुदायात’ तो राहत नाही. त्यामुळे समुदायाने या मुलाला सांभाळावे असे म्हटले, की कोणालाच काही सांगितले गेले नाही असे होते. अर्ध्या वाटेवरच्या निवासाला तर मराठी नावच रुळलेले नाही; ‘हाफवे होम’ असेच म्हणतात. संस्थांच्या प्रकारांसाठी डझनभर समास, आणि संस्थेतून घराकडे जाणाऱ्या वाटेसाठी एकही नाही, ही कोशातील उणीव व्यवस्थेतील उणिवेची साक्ष देते.

या परिभाषेत एकच शब्द घरचा आहे, तो ‘बालसंगोपन’. महाराष्ट्र शासनाची याच नावाची योजना मुलाला संस्थेऐवजी कुटुंबात वाढविण्यासाठी अर्थसाहाय्य देते. ‘गुप्’ या धातूचे राखणे आणि लपविणे असे दोन्ही अर्थ आहेत. मराठी ‘संगोपना’ने त्यांतला राखण्याचा अर्थ घेतला, ‘गृहा’च्या वाट्याला लपविणे आले. संगोपन हा शब्द मुलाला विशेषण म्हणून चिकटत नाही. तो कोणीतरी करावा लागतो, आणि म्हणूनच तो उपयोगी आहे.

६

तात्पर्य, कलंक न लावणाऱ्या शब्दयोजनेचे तत्त्व नामांच्या याद्या करून पाळले जाणार नाही. ‘विधिसंघर्षग्रस्त’ जाऊन उद्या आणखी एखादा समास येईल आणि पंचवीस वर्षांत तोही मळेल. बदल वाक्यात व्हावयास हवा. परिविक्षा अधिकाऱ्याला मुलाच्या घरची चौकशी करून अहवाल लिहावाच लागतो. त्या अहवालाचे पहिले वाक्य ‘सदर बालक वर्तनसमस्याग्रस्त असून’ असे न लिहिता, ‘या मुलाला रात्री झोप येत नाही; आत्या जवळ असली की तो शांत असतो; आत्या त्याला सांभाळायला तयार आहे, पण तिचा दिवसाचा रोज बुडतो’ असे लिहिता येईल. या वाक्यांत एकही पारिभाषिक शब्द नाही. मुलगा कोण, त्याला काय होते, त्याचे कोण करते आणि शासनाने काय द्यावे, हे सारे मात्र त्यांत आहे. रोज बुडतो हे कळले, की अर्थसाहाय्य कोठे पोचले पाहिजे हेही कळते. पहिल्या वाक्यातून फक्त गृहाचे नाव निघते.