मॅगीला शिवता येतं

ॲलिस वॉकरची 'एव्हरीडे यूज' (१९७३) ही कथा इंग्रजी साहित्य शिकलेल्यांनी बहुधा वाचलेली असते. बाकीच्यांना तिचं सार कुठल्यातरी व्हिडिओत भेटलेलं असतं. शहरात शिकून आलेली डी आजीच्या हातच्या दोन क्विल्ट मागते, भिंतीवर लावायला. आईने त्या धाकट्या मॅगीच्या लग्नासाठी ठेवल्यात, आणि मॅगी त्या रोज अंगावर घेऊन फाडेल याची डीला धास्ती आहे. शेवटी आई डीच्या हातातून क्विल्ट हिसकावून मॅगीच्या मांडीवर टाकते. वापर जिंकला, प्रदर्शन हरलं. परीक्षेत एवढं लिहिलं की गुण मिळतात.

मला हे वाचन अपुरं वाटतं, कारण त्यात शिवणकामच नाही.

आधी शब्दाचं बघू. मराठीत सांगताना आपण पटकन 'गोधडी' म्हणतो. गोधडीची ऊब त्या शब्दात येते, पण एक फरक पुसला जातो. आपल्या गोधडीत जुन्या साड्यांचे थर एकावर एक ठेवून त्यांतून धावदोरा घालतात. ठिगळं पडतात ती बहुतेक त्या थरांवरच. अमेरिकन क्विल्टमध्ये कामाचे दोन वेगळे टप्पे असतात. आधी चिंध्या कापून, एकमेकींना जोडून छोटे चौकोन करायचे, म्हणजे ब्लॉक. मग ब्लॉक जोडून वरचा पूर्ण थर. हे एकटीने, मांडीवर घेऊन करता येतं. त्यानंतर वरचा थर, मधला कापूस आणि अस्तर एका चौकटीवर ताणून तिन्हींतून टाके घालायचे. चौकट मोठी असते, तिथे दोघी-तिघी बसतात.

कथेतली एक क्विल्ट 'लोन स्टार' आहे: आठ टोकांचा एक मोठा तारा, आणि तो पूर्ण छोट्या शंकरपाळ्यांनी बनलेला. शंकरपाळी म्हटलं की निदान दोन कडा तिरप्या कापलेल्या येतात, आणि तिरपं कापलेलं कापड ओढलं की ताणतं. एकेका शिवणीत दोऱ्याएवढी चूक झाली तरी ती साठत जाते आणि मधोमध, जिथे आठ टोकं भेटतात, तिथे फुगवटा येतो. हाताने शिवणारी बाई टाका नेमका कोपऱ्याशी थांबवते, शिवणीसाठी सोडलेली पाव इंच कड मोकळी ठेवते, म्हणजे पुढचा तुकडा लावताना ती हवी त्या बाजूला वळवता येते. हे बघून बघूनच शिकतात.

आता कथेकडे परत या. आई सांगते की या क्विल्टचे तुकडे आजीने जोडले आणि नंतर तिने स्वतः व मोठ्या डीने (म्हणजे मावशीने) त्या ओसरीवर चौकटीला लावून शिवल्या. तरी डी काय म्हणते? हे सगळं आजीने हाताने शिवलंय, कल्पना करा! जिने त्यातले निम्मे टाके घातले ती बाई समोर उभी आहे, आणि डीला ती दिसत नाही. वाद टाळायला आई दुसऱ्या क्विल्ट देऊ करते. त्यांचेही वरचे थर आजीनेच मरण्यापूर्वी जोडलेले, पुढचं काम याच दोघींचं. म्हणजे हात तेच. पण डी त्या नाकारते, कारण त्यांच्या कडेला मशीनची शिलाई आहे. आईचं म्हणणं साधं: त्याने जास्त टिकतात.

मला कथेचा कणा इथे दिसतो. डीला 'हाताने केलेलं' हवंय, पण हात कुणाचे याच्याशी तिला देणंघेणं नाही. (आजच्या 'हॅन्डमेड' लेबलांबद्दल मी वेगळं काही बोलत नाही.) आणि मॅगीने वापरून फाडल्या तर, यावर आईचं उत्तर असं, की ती आणखी करेल, तिला येतं. हे उत्तर मान्य केलं की भिंत की पलंग हा प्रश्नच दुय्यम होतो.

वॉकरबद्दल माझी तक्रारही इथलीच आहे. अख्ख्या कथेत मॅगी एक टाका घालताना दिसत नाही. तिचं कसब आपल्याला फक्त सांगितलं जातं. अंगावरच्या भाजल्याच्या खुणा, खाली मान घालून पाय ओढत चालणं, हे सगळं दिसतं. सुई तेवढी नाही. उलट डीचे कपडे, दागिने, कॅमेरा यांवर लेखिका खुशीत रेंगाळते. डीला हास्यास्पद करणं सोपं होतं आणि वॉकरने ते केलं.

कारण डी पूर्ण चूक नव्हती. अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांच्या क्विल्ट २००२ मध्ये ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतींवर लागल्या; २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटंही निघाली. त्या टांगल्या गेल्या म्हणून आपल्याला ठाऊक झाल्या. समीक्षकांनी लगेच मातीस, क्ले आठवले. कौतुक खरं होतं, तरी पुन्हा हात बाजूला सारून डिझाइन तेवढं पाहणारं.

त्याच परिसरातल्या बायकांनी १९६६ साली 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली होती. १९७२ मध्ये, म्हणजे वॉकरची कथा छापून येण्याच्या आदल्या वर्षी, त्यांना सीअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं. अभ्रे सगळे एकसारखे हवेत, मापात. मनाने काही करायला तिथे वाव नव्हता. कापून उरलेल्या कॉर्डरॉयच्या पट्ट्या मात्र बायका घरी नेत, आणि त्या जाड, शिवायला चिवट कापडाचे हवे तसे वेडेवाकडे ब्लॉक जोडत. त्यातल्या काही क्विल्ट पुढे संग्रहालयात पोचल्या.