नाच थांबवायचा कोणी? : 'जोगवा' पुन्हा पाहताना

नवरात्रात दांडियाचे दोन-तीन राउंड झाले की स्पीकरवर 'लल्लाटी भंडार' लागतं आणि मैदानाचा नूरच बदलतो. टिपऱ्या बाजूला पडतात, केस मोकळे सुटतात, कोणीतरी हळद उधळतं. हेच गाणं वरातीत वाजतं, कॉलेजच्या गॅदरिंगला वाजतं, आणि रील्समध्ये तर बारमाही असतं. अजय-अतुलचा ठेकाच असा आहे की पाय थांबत नाहीत. गंमत अशी की हे गाणं ज्या चित्रपटातलं आहे, तो चित्रपटच पाय थांबवायची मुभा नसलेल्या माणसांचा आहे.

राजीव पाटील यांचा 'जोगवा' २००९ साली आला. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा त्याच्या मुळाशी आहे. सुलीच्या (मुक्ता बर्वे) केसांत जट सापडते. घरच्यांच्या लेखी तो यल्लम्माचा हुकूम ठरतो आणि तिला जोगतीण केलं जातं. तायप्पाच्या (उपेंद्र लिमये) शरीरातल्या एका दुखण्याचा अर्थही असाच लावला जातो आणि धडधाकट तरुण पोराला साडी नेसवून जोगत्या केलं जातं. दोघंही एकाच मेळ्यात येतात. ५६व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत लिमये, अजय-अतुल आणि 'जीव रंगला' गाणारे हरिहरन व श्रेया घोषाल या सगळ्यांना पुरस्कार मिळाले. चित्रपटाला सामाजिक विषयाचा पुरस्कारही मिळाला.

आता नाचाकडे येऊ. जोगवा म्हणजे मुळात मागणं. देवीच्या नावाने, हातात परडी घेऊन, दारोदार. मंगळवार-शुक्रवार हे त्याचे वार. डोक्यावर देवीचा जग, काखेत चौंडकं, कपाळाला भंडारा. जग डोक्यावर तोलून नाचायचं म्हणजे मान हलवून चालत नाही. सगळा नाच कमरेत, पावलांत, हातांत उतरतो. वरचं अंग स्थिर, खालचं अंग लयीत. बघणाऱ्याला ते कौतुकाचं वाटतं, नाचणाऱ्यासाठी ते वजन असतं.

हा नाच गावाशी एक व्यवहार करतो. घर पीठ-मीठ देतं, जोगतीण भंडारा लावते. तिचा आशीर्वाद हवा असतो, तिचा कोप नको असतो. मार्गशीर्ष पौर्णिमेला, रांडाव पुनवेला, देवी विधवा होते म्हणून जोगतिणी बांगड्या फोडतात. माघात अहेव पुनवेला पुन्हा चुडा भरतात. देवीचं दुःख गावाच्या वतीने कोणीतरी अंगावर घ्यायचं असतं. ते कोणी घ्यायचं, हे मात्र गाव ठरवतं, आणि बहुतेक वेळा ते गरीब, खालच्या मानल्या गेलेल्या जातीच्या घरातलं पोर असतं.

'जोगवा'चं मोठं बळ हे की हा व्यवहार तो आतून दाखवतो. मेळा म्हणजे नुसता तुरुंग नाही, ते एक घरही आहे. तिथे भांडणं आहेत, थट्टा आहे, एकमेकांची काळजी आहे. घरातून काढलेल्यांना नाच एक जागा देतो, आणि तोच नाच त्यांना त्या जागेवर खिळवूनही ठेवतो. लिमये यांनी हे शरीरातून उभं केलंय. साडीतला तायप्पा अवघडलेला, चिडलेला असतो. नाचताना मात्र त्याच्या अंगातली सगळी ताकद एकदम बाहेर येते. तो राग आहे की भक्ती, हे सांगता येत नाही. माझ्या मते चित्रपट इथे सर्वांत खरा आहे.

अडचण पुढे आहे. चित्रपट सुटकेचा रस्ता प्रेमातून काढतो आणि त्या प्रेमाचा आधार असतो तायप्पाचं 'खरं' पुरुषपण. तो मुळात पुरुष आहे, म्हणून त्याला साडी नेसवणं हा अन्याय. पण मेळ्यात असेही जोगते असतात ज्यांना साडी आपली वाटते, ज्यांना बाईपण फक्त देवीच्या नावाखालीच जगता येतं. त्यांच्यासाठी देवीला सोडणं म्हणजे सुटका नाही. त्यांच्याकडे चित्रपट प्रेमाने पाहतो, पण शेवटाच्या हिशेबात त्यांना धरत नाही. सुलीचंही तसंच. तिच्या बंडाला जोडीदार लागतो. एकट्या जोगतिणीने नाच थांबवला तर काय, हा प्रश्न चित्रपट घेत नाही.

आणि मग गाणी. ती इतकी चांगली आहेत की चित्रपटातून सुटून गेली. युवा महोत्सवाच्या रंगमंचावर आज 'जोगवा' हा आयटम असतो: हिरवी साडी, मळवट, परडी, गरागरा फिरणारी मान. परडी आहे, पण ती कोणापुढे धरायची नाही. जग हलका आहे, कारण तो थर्माकोलचा आहे. मागणंच गळून पडलं आणि जोश उरला. नाचणाऱ्या पोरांना मी यात दोष देत नाही. लोककला अशाच हात बदलतात. संत एकनाथांनीही जोगव्याचं रूपक करून देवीकडे ज्ञान मागितलं होतं. फरक एवढाच की नाथांच्या जोगव्यात निदान मागणारा तरी शिल्लक होता.

मैदानावर नाचणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला दम लागला की बाजूला होता येतं, पाणी पिता येतं, घरी जाता येतं. देवीला सोडलेल्या मुलीला हे करता यावं म्हणून कायदे करावे लागले: १९३४चा मुंबई इलाख्याचा, १९८२चा कर्नाटकचा, २००५चा महाराष्ट्राचा. एकाच प्रथेविरुद्ध सत्तर वर्षांत तीन कायदे लागावेत, यातच नाचामागची सक्ती किती खोल होती ते दिसतं. आजही अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बायकांच्या केसांतली जट सोडवतात. आधी घरच्यांची समजूत काढतात, मग कात्रीला हात लावतात. गुंता केसांत कमी आणि मनात जास्त असतो.

म्हणून 'जोगवा' आज पाहिलाच पाहिजे, आणि गाणी पुढे न ढकलता पाहिला पाहिजे. मागची-पुढची दृश्यं जोडून पाहिली की त्या ठेक्याला पुन्हा वजन येतं. मग 'भंडारभोग' वाचा. कादंबरीत ठेका वाजत नाही, त्यामुळे आपले पाय हलत नाहीत, आणि तायप्पासारख्या माणसाला धाप लागलेली नीट ऐकू येते.