तीन ओळींचं अलाइनमेंट आणि माझी चुकलेली स्लाइड

पीएचडीच्या पहिल्या वर्षी सेमिनारमध्ये मी एक अलाइनमेंट दाखवलं होतं. तीन डीएनए पॉलिमरेज: दोन जिवाणूंची (इ. कोलाय, थर्मस ॲक्वाटिकस) आणि एक टी७ या विषाणूचं. एका जागी जिवाणूंत फेनिलॲलॅनिन, विषाणूत टायरोसिन. खाली मी ठळक लिहिलं, ‘विषाणूची खूण’. आधार होता टेबर आणि रिचर्डसन यांचा १९९५ चा पीएनएएसमधला पेपर. पेपर उत्तमच आहे, घाई माझी होती.

आधी पेपरचं बळ बघू. सँगर सीक्वेन्सिंगमध्ये साखळी थांबवणारे डायडीऑक्सी न्यूक्लिओटाइड टी७ चं एन्झाइम सहज घेतं, बाकीची दोन टाळतात. का? लेखक अक्षरं जुळवून थांबले नाहीत. सक्रिय स्थानाचे भाग अदलाबदल करून त्यांनी संकरित एन्झाइम बनवली आणि एका अमिनो आम्लापर्यंत पोहोचले. इ. कोलायमध्ये ते ७६२ वं, थर्मसमध्ये ६६७ वं, टी७ मध्ये ५२६ वं. आकडे वेगळे, पण तिन्हींत चार घरं आधी लायसिन आणि चार घरं पुढे टायरोसिन आहे. म्हणून ‘जागा तीच’ हे म्हणणं टिकतं.

मग दोन्ही बाजूंनी परीक्षा. टी७ मध्ये त्या जागी फेनिलॲलॅनिन घातलं, तर डायडीऑक्सी टाळण्याची क्षमता २,००० पटींहून जास्त वाढली. जिवाणूंच्या एन्झाइममध्ये टायरोसिन घातलं, तर ती २५० ते ८,००० पटींनी घटली. फरक फक्त एका हायड्रॉक्सिल गटाचा!

मर्यादा एकच: एन्झाइम तीनच. काम समजायला तेवढी पुरतात, वंशाबद्दल बोलायला नाही. लेखकांनी शीर्षकात ‘पॉलिमरेज I कुटुंब’ म्हटलंय. ‘विषाणू’ हा शब्द मी घुसवला.

सेमिनारमध्ये एका सीनियरनं विचारलं, “क्षयाच्या जिवाणूचं बघितलंस का?” नव्हतं बघितलं. १९९६ मध्ये मिझराही आणि ह्युबर्ट्स यांनी ते तपासलं होतं. जिवाणूच, पण त्या जागी टायरोसिन (७३७ वं), आणि डायडीऑक्सीही सहज घेणारं. म्हणजे ज्या पुराव्यानं माझी स्लाइड पाडली, त्यानंच मूळ पेपर आणखी भक्कम केला.

तेव्हापासून मी वहीत दोन रकाने ठेवते: हे अक्षर काय करतं, आणि ते कुणाकुणाकडे आहे. पहिला प्रयोगानं भरतो. दुसऱ्यासाठी वेगवेगळ्या फांद्यांवरचे भरपूर क्रम लागतात. एकाचं उत्तर दुसऱ्यात लिहू नका.