मनोरंजनाची पाळी

वास्तुकलेवर मत देण्याची माझी लायकी एवढीच, की मी बी.कॉम. आहे आणि तिकिटाचे पैसे मी भरले होते.

लोअर परळच्या एका जुन्या गिरणीत आता सहकुटुंब करमणुकीचं केंद्र झालं आहे. चिरंजीव, सौ. आणि सासरे यांना घेऊन मी गेलो. सासरे अशाच एका गिरणीत बारा वर्षं साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्या हिशेबानं ते अजून संपावरच आहेत.

आत शिरताच ते वर पाहू लागले. गिरणीचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असतं. दात्यांची काचेची बाजू उत्तरेला. ऊन न येता सारखा उजेड यावा, तुटलेला धागा दिसावा म्हणून. डिझायनरनं त्या काचांना काळा रंग फासून खाली शेकडो दिवे लावलेत. फुकटचं उत्पन्न खोडून त्या जागी खर्च मांडण्याची ही पद्धत आमच्या शाखेत ऑडिटरनं चालवून घेतली नसती.

लोखंडी खांबांना मात्र स्पंजाचे अंगरखे घातलेत, हे झकास. चिरंजीव दोनदा आपटले आणि दोन्ही वेळा हसले.

आवाजाचा विचार कुणी केलेला दिसत नाही. पत्र्याखाली शंभरेक पोरं ओरडत होती. साच्यांच्या खडखडाटात कामगार खुणांनीच बोलत. सासऱ्यांनी हॉलच्या पलीकडून लेकीला खूण केली आणि तिनं पाण्याची बाटली आणून दिली. आम्ही बाकीचे नुसतेच घसा फोडत होतो.

मनगटाला पट्टा, दारावर वेळेची नोंद, तास संपला की घंटा. “पाळी सुटली,” सासरे म्हणाले.

म्हाताऱ्यांना बसायला बाक नाही. बसायचं तर महागडी कॉफी घ्यायची. कोपऱ्यात शोभेला एक जुना साचा ठेवलाय. सासरे तिथं जाऊन उभे राहिले, धोट्यावर हात ठेवला.

“काका, हात लावू नका,” पहारेकऱ्यानं पाटी दाखवली.

सासऱ्यांनी हात मागे घेतला. “बारा वर्षं हात काढला की पगार कापायचे,” एवढंच म्हणाले.

डिझायनरसाहेब, माझी सूचना साधी आहे. काचांचा रंग खरवडा, दोन बाक ठेवा आणि ती पाटी काढा. सगळं किरकोळ खर्चात बसेल. वरच्या साहेबांची सहीसुद्धा लागणार नाही.