मिळकतकरातील सवलत आणि तापलेली गच्ची : पुण्यातील निवासी ऊर्जाधोरणाची एक समीक्षा

पुणे महानगरपालिका मिळकतकरात जी पर्यावरणीय सवलत देते, तिचा उल्लेख नागरी ऊर्जाधोरणाच्या चर्चेत बहुधा गौरवाने होतो. सौर बंब, पर्जन्यजल पुनर्भरण आणि गांडूळखत प्रकल्प यांपैकी एक व्यवस्था असल्यास करात ५ टक्के आणि दोन वा अधिक असल्यास १० टक्के सूट, असे तिचे स्वरूप आहे. सक्तीऐवजी करदात्याच्या हिताला आवाहन करणारी योजना म्हणून ती स्वागतार्हच ठरली. तथापि निवासी इमारतींची ऊर्जाकार्यक्षमता हे उद्दिष्ट मानले, तर ही सवलत नेमके काय मोजते, असा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ती वस्तू मोजते. घर मोजत नाही.

सौर बंबाची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. हिवाळ्यातील सकाळी गीझरवरील विजेचा भार त्यामुळे निश्चित कमी होतो. परंतु बंब बसविलेला असणे आणि तो चालणे यांत अंतर आहे. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत क्षार साचून नळ्या निकामी होतात. गच्चीवरून खालच्या मजल्यापर्यंत गरम पाणी येईतो बादलीभर थंड पाणी वाहून जाते आणि रहिवासी पुन्हा गीझरचे बटण दाबतात. व्यवस्था चालू असावी ही अपेक्षा आहेच, पण सवलतीचा आकडा तिच्या कार्याशी बांधलेला नाही. तो कराशी बांधलेला आहे. साहजिकच मोठ्या सदनिकेला मोठी सूट मिळते आणि लहान सदनिकेला लहान. वाचलेल्या युनिटांचा येथे संबंध येत नाही. शिवाय भाड्याच्या घरात वीजबिल भाडेकरू भरतो आणि सूट मालकाच्या खात्यात जमा होते!

याहून गंभीर उणीव गच्चीसंबंधी आहे. मार्च ते मे या काळात वरच्या मजल्यावरील घर तापते ते मुख्यतः स्लॅबमुळे. दिवसभर साठविलेली उष्णता स्लॅब रात्री खोलीत सोडतो आणि पंखा तीच गरम हवा फिरवीत राहतो. केंद्र शासनाच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’ने छताच्या उष्णतावहनाची कमाल मर्यादा प्रति चौरस मीटर, प्रति अंश १.२ वॅट ठेवली आहे. उघड्या काँक्रीट स्लॅबमधून याच्या दुपटीहून अधिक उष्णता आत येते. आपल्याकडील जुन्या गच्च्यांवरील विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावरील पांढरा चायना मोझॅक हे मुळात पाणी अडविण्याचे उपाय. पण ते ऊनही परतवीत. त्यांच्या जागी काळा डांबरी थर आला की गळती थांबते आणि खालची खोली अधिक तापते.

येथे सोसायटीचे अंतर्गत राजकारणही ध्यानात घ्यावे लागते. आदर्श उपविधींनुसार गच्चीच्या गळतीची दुरुस्ती हा सोसायटीचा सामायिक खर्च आहे. उष्म्याचे तसे नाही. परिणामी वरच्या मजल्यावरील सभासदाने सभेत पांढऱ्या रंगाचा विषय काढला, तर तो त्याचा खाजगी प्रश्न ठरतो.

राज्याच्या २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत हरित मानांकनानुसार ३, ५ वा ७ टक्के अतिरिक्त चटईक्षेत्र देऊ केले आहे. हा लाभ नव्या बांधकामाचा, पर्यायाने विकासकाचा. ज्या हजारो इमारती आधीच उभ्या आहेत, त्यांच्याशी त्याचे देणेघेणे नाही. तेलंगणाच्या २०२३ च्या शीत छत धोरणाने वेगळी वाट धरली. ६०० चौरस यार्ड व त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींना उष्णतारोधक छत बंधनकारक केले आणि भोगवटा प्रमाणपत्र त्याच्याशी जोडले. तेथे निदान घराचा एक भाग मोजला जातो. मात्र भोगवटा प्रमाणपत्र इमारतीच्या आयुष्यात एकदाच दिले जाते, ही त्याचीही मर्यादा.

या दृष्टीने पाहता पुण्याच्या हाती अधिक समर्थ साधन आहे. जुन्या-नव्या प्रत्येक नोंदलेल्या मिळकतीपर्यंत दरवर्षी पोचणारा महापालिकेचा कागद म्हणजे मिळकतकराचे बिल. सवलतीच्या यादीत परावर्तक छताचा समावेश करणे, सूट टक्क्यांऐवजी छताच्या क्षेत्रफळावर देणे आणि ठरावीक वर्षांनी पाहणी करूनच ती पुढे चालू ठेवणे, एवढ्या बदलांनीही वरच्या मजल्यावरील सभासदाला सभेत मांडण्याजोगा आर्थिक मुद्दा मिळेल. पत्र्याच्या घरांचा प्रश्न यातून सुटणार नाही. जेथे कर नगण्य, तेथे सूटही नगण्य. अहमदाबादने २०१७ मध्ये वस्त्यांतील सुमारे ३ हजार छते पांढरी करण्याचा उपक्रम हाती घेतला, तो कराच्या वाटेने नव्हे, तर २०१३ पासूनच्या उष्माविषयक कृती आराखड्याच्या जोडीने. पुण्यातील वस्त्यांतही रंगाचा डबा महापालिकेलाच घेऊन जावा लागेल.