संशयकल्लोळ : हास्याआड राहिलेली रेवती

एखादी नवी हौशी नाट्यमंडळी उभी राहिली आणि तिने जुन्या नाटकाला हात घालावयाचे ठरविले, की पहिले नाव निघते ते गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’चे. गोमंतकातील देवळांचे उत्सव असोत वा नाट्यस्पर्धा असोत, हे नाटक लावले की हशा हुकमी आणि पदांना दाद ठरलेली, असा सार्वत्रिक अनुभव आहे. राजवाडे नकोत, युद्धे नकोत. एक तसबीर आणि चार शंकेखोर माणसे एवढ्या भांडवलावर प्रयोग उभा राहतो. म्हणूनच ते सोपे समजले जाते. प्रस्तुत लेखकाचे मत नेमके उलट आहे. तरुण नटसंचाने या नाटकातील विनोद सहज साधावा आणि नाटक मात्र निसटून जावे, असा धोका येथे पदोपदी आहे.

या नाटकाची वंशावळ अभ्यासकांना परिचित आहे. मोलिएरचे ‘स्गानारेल’ हे एकांकी पद्य प्रहसन १६६० साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आले. त्याच्या आधारे आर्थर मर्फी याने १७६१ साली लंडनमध्ये ‘ऑल इन द राँग’ ही पाच अंकी सुखात्मिका सादर केली. देवलांनी तिला १८९३ साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या गद्य नाटकाचे मराठी रूप दिले आणि आयुष्याच्या अखेरीस तेच पदे घालून ‘संशयकल्लोळ’ या नावाने संगीत रंगभूमीच्या स्वाधीन केले. तरुणीला भोवळ येते, परका गृहस्थ तिला सावरतो, त्याची पत्नी ते पाहते, तरुणीच्या प्रियकराची तसबीर पत्नीच्या हाती लागते आणि ती न्याहाळताना तिला पती पाहतो. गोंधळाचा हा सांगाडा थेट मोलिएरपर्यंत जातो.

पण सांगाडा म्हणजे नाटक नव्हे. देवलांचे कर्तृत्व शोधावयाचे तर ते रेवतीपाशी शोधले पाहिजे. मोलिएरची नायिका कुलीन घरातील असून तिच्या विवाहाच्या आड येतो तो बापाचा द्रव्यलोभ. देवलांची रेवती ही नायकिणीची मुलगी आहे. या एका बदलाने संशयाचे वजनच पालटते. फाल्गुनराव कृत्तिकेवर संशय घेतो तेव्हा ते घरातले भांडण असते; कृत्तिकाही त्याला तेवढ्याच जोराने उलट संशयाने उत्तर देते आणि उद्या ती त्याच घरात नांदणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते. अश्विनशेट रेवतीवर संशय घेतो तेव्हा मात्र तो एकटा बोलत नसतो. नायकिणीच्या पोटच्या मुलीची निष्ठा ती काय, असे म्हणणारा सारा गाव त्याच्या मुखाने बोलत असतो. कृत्तिकेला आपले निर्दोषत्व सिद्ध करावयाचे आहे. रेवतीला आपल्याजवळ निष्ठा असू शकते, येथपासून सुरुवात करावी लागते. ‘मृच्छकटिका’तील वसंतसेना मराठीत आणणाऱ्या आणि ‘शारदे’चे दुःख मांडणाऱ्या लेखकाने ही योजना सहज केली असेल, असे मानवत नाही.

पात्रांच्या नावांतही हीच जाण दिसते. पुरुषांना महिन्यांची आणि स्त्रियांना नक्षत्रांची नावे आहेत, एवढे सर्वांच्या ध्यानात येते. परंतु पंचांग थोडे उघडून पाहावे. फाल्गुनाचे नाते फल्गुनी नक्षत्रांशी. कृत्तिका ही कार्तिकाची. म्हणजे या दांपत्याचे नामाभिधानच विजोड आहे. उलट आश्विनाची पौर्णिमा अश्विनी नक्षत्राच्या आसपास येते आणि नक्षत्रमालेतील शेवटची रेवती ही पहिल्या अश्विनीची सख्खी शेजारीण. देवलांनी हे हेतुतः केले असो वा नसो, ज्यांचा विवाह लोकदृष्टीने रूढ त्यांची नावे जुळत नाहीत आणि ज्यांचा अशक्यप्राय त्यांची जुळतात, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे.

हे नाटक संगीतरूपात पहिल्याने ज्या मंडळीने केले तीही तरुणच होती. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली स्थापन झाली. ‘संशयकल्लोळ’चा प्रयोग १९१६ च्या ऑक्टोबरात झाला. तो पाहण्यास देवल उरले नव्हते; त्याच वर्षी १४ जूनला ते निवर्तले होते. बालगंधर्वांचे वय तेव्हा अठ्ठावीस. त्यांची रेवती आणि गणपतराव बोडस यांचा फाल्गुनराव यांचा लौकिक आजही सांगितला जातो. मात्र त्या काळी नायकिणीच्या मुलीची व्यथा पुरुषाच्या कंठातूनच येत होती. ज्या समाजातून रेवती आली त्याच समाजातील हिराबाई पेडणेकर यांनी त्यापूर्वीच नाट्यलेखन केले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या व्यवस्थेतील विसंगती अधिकच जाणवते. आज रेवतीची भूमिका स्त्री करते. १९१६ साली नसलेली ही सोय आजच्या मंडळीला लाभली आहे; तिचा उपयोग केवळ शालू आणि दागिने यांपुरता होऊ नये.

मग तरुण दिग्दर्शकाने करावे काय? पहिली गोष्ट, फाल्गुनरावाला विदूषक करू नये. तो वेडा नाही. त्याच्याजवळ पुरावा आहे. अर्धवट पाहिलेल्या गोष्टीवरून तो बिनचूक तर्क चालवितो आणि म्हणूनच फसतो. नटाने डोळे वटारले व धोतर सावरत धावाधाव केली की प्रेक्षक हसतो खरा; परंतु तो फाल्गुनरावाला हसतो, स्वतःला नव्हे. येथे प्रेक्षकाला सत्य आधीच ठाऊक असते. पात्र जितके गंभीर, तितका विनोद गहिरा.

दुसरी गोष्ट पदांची. गद्य अवतारात नसलेली ही पदे प्रामुख्याने अश्विनशेट आणि रेवती यांच्या वाट्याला आली आहेत. गद्यात संशयाचे चक्र गरगरत असते. पदात ते क्षणभर थांबते आणि मनाचा ठाव लागतो. रेवतीचे पद हे तिचे प्रत्युत्तर आहे. तरुण गायक-नटांना तान घेण्याचा मोह अनावर होतो, ‘वन्स मोअर’ मिळतो, नाटकाची मैफल होते आणि प्रत्युत्तर हवेत विरते. आलाप आवरावा असे नव्हे; तो समोर उभ्या असलेल्या अश्विनशेटला उद्देशून असावा, एवढेच मागणे आहे.

तिसरी गोष्ट शेवटाची. तसबिरीचा उलगडा झाला की सारे जण घाईने आनंदी होतात आणि पडदा पडतो. त्या आनंदापूर्वी अश्विनशेटने रेवतीकडे एकदा तरी खालच्या मानेने पाहावयास हवे. त्याने अंतर दिले होते ते तसबिरीमुळे नव्हे, तर ती कोणाची मुलगी आहे हे त्याच्या मनातून गेले नव्हते म्हणून. एवढे एक क्षणभराचे मौन ज्या मंडळीला साधेल, तिच्या प्रयोगात शेवटचा हशा थोडा उशिरा येईल. पण तो देवलांना अभिप्रेत असलेला हशा असेल.