'हेलो ५' आणि तुटलेली सोबत

'हेलो ५ : गार्डियन्स' हा व्हिडिओ गेम २७ ऑक्टोबर २०१५ रोजीं प्रसिद्ध झाला. त्यास आतां बरींच वर्षें लोटलीं. तथापि या मालिकेच्या भोक्त्यांत त्याचा विषय निघाला कीं अजून आवाज चढतात. हा राग निव्वळ हट्टाचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

२००१ सालीं बंजी या संस्थेनें पहिला 'हेलो' काढला. वरवर पाहतां हा बंदुकीचा खेळ. परग्रहावरचे शत्रु आणि चिलखत चढविलेला मितभाषी शिपाई मास्टर चीफ, एवढ्यावर मालिका टिकली नसती. परंतु त्या शिपायाच्या शिरस्त्राणांत कॉर्टाना नांवाची यंत्रबुद्धि वास करी. ती त्याला वाट दाखवी, त्याची थट्टा करी, त्याच्या मुकेपणाला वाचा देई. आणि पडद्याच्या अलीकडे दोघे मित्र शेजारीं बसून, पडद्याचे दोन भाग करून, तीच मोहीम लढत. आंतहि सोबत, बाहेरहि सोबत. पांचव्या भागानें ती दोन्हीकडून तोडली.

मालिका बंजीकडून ३४३ इंडस्ट्रीज या संस्थेकडे आल्यावर २०१२ सालीं चौथा भाग निघाला. त्याच्या अखेरीस कॉर्टाना चीफला वांचवून स्वतः नाहींशी होते. तो शेवट करुण होता आणि संयतहि होता. पांचव्या भागांत ती परत येते, ती प्रचंड यंत्रांच्या बळावर साऱ्या विश्वावर शांतता लादण्याच्या निश्चयानें. मेलेली मानलेली सखी लोककल्याणाच्या नांवाखालीं जुलूम करूं लागली, तर तिच्या एकनिष्ठ सोबत्यानें काय करावें? कल्पना मुळींच टाकाऊ नाहीं. तींत शोकांतिकेचें बीज आहे. पण हा पेंच ज्याचा, त्या चीफच्या वाट्यास १५ प्रकरणांपैकीं अवघीं ३ आलीं आहेत! उरलेलीं १२ लॉक नामक दुसऱ्या शिपायाचीं. कॉर्टानाशीं लॉकचा कसलाच ऋणानुबंध नाहीं. तिच्या अधःपातानें त्याचें कांहींच जळत नाहीं, म्हणून आपलेंहि जळत नाहीं. चीफबरोबर बालपणापासून वाढलेले तिघे साथीदार येथें त्याच्या संगतीस आहेत. परंतु कादंबऱ्या न वाचलेल्या माणसास ते तीन चिलखतांपलीकडे फारसे दिसावयाचे नाहींत.

दोन नायक घेण्यास आमचा विरोध नाहीं. २००४ सालच्या दुसऱ्या भागांतहि चीफच्या जोडीला आर्बिटर होता, आणि तेव्हांहि कुरकुर झालीच होती. परंतु आर्बिटर हा शत्रुपक्षाचा पदच्युत सेनापति; त्याच्या डोळ्यांनीं आपणांस पलीकडची बाजू प्रथमच दिसली. लॉक काय दाखवितो? त्याच फौजेंतला, तसाच चिलखतबंद, तसाच अबोल.

त्यांत जाहिरातींनीं भर घातली. एका जाहिरातींत उद्ध्वस्त नगरांत पडलेल्या चीफसमोर लॉक उभा, दुसरींत पडलेल्या लॉकसमोर चीफ. प्रत्यक्ष खेळांत तो प्रसंगच नाहीं. दोघे भिडतात ते एका लहानशा मुष्टियुद्धांत, आणि तेंहि आपोआप चालणाऱ्या दृश्यांत; खेळणाऱ्यानें हात आवरून पाहत बसावयाचें. पुढें तर लॉक चीफच्या मदतीलाच धांवतो. झुंजीचें आमंत्रण देऊन सलोख्याचें पान वाढण्यासारखेंच हें झालें.

कारागिरी हलकी आहे असें मात्र कोणी म्हणूं नये. धांवण्या-उडण्यांत नवी चपळाई आहे, आणि चार-चार जणांचे सामने फार उत्तम रंगतात. वॉर्डन इटर्नल हा एकच राक्षस पुनः पुनः समोर आणून केलेली पुनरुक्ति तेवढी कंटाळवाणी.

आमची मुख्य तक्रार दुभागलेल्या पडद्याविषयीं आहे. सेकंदाला ६० चित्रें अखंड दिसावीं म्हणून ती सोय काढून टाकण्यांत आली. पूर्वींचे भाग ३० चित्रांवर सुखानें चालत, आणि शेजारीं भाऊ वा मित्र बसलेला असे! आतां त्याला आपल्या घरीं, आपल्या यंत्रापुढें, खेळाची आपली प्रत घेऊन बसणें भाग पडलें. २०१७ सालीं संस्थेच्या प्रमुखांनीं पुढील भागांत ही सोय राहील असें जाहीर वचन दिलें. 'हेलो इन्फिनिट' डिसेंबर २०२१ मध्यें निघाला. आणि एकाच पडद्यावर दोघांनीं मोहीम लढण्याची त्यांतली योजना सप्टेंबर २०२२ मध्यें रद्द झाली.